‘नमस्ते वहाला’ या नायजेरियन प्रेमपटाचा एवढा गाजावाजा झाला, तरी तो मनाला का भिडत नाही?

सायंवेळ (प्रश्न)

नमस्कार. १४ फेब्रुवारी २०२१ रोजी नेटफ्लिक्सवर आलेला ‘नमस्ते वहाला’ हा नायजेरियन चित्रपट मी गेल्या आठवड्यात दुसऱ्यांदा पाहिला. तो मुळात एप्रिल २०२० मध्ये नायजेरियातील चित्रपटगृहांत लागणार होता. महामारीमुळे ते लांबले आणि अखेर प्रेमदिनाचा मुहूर्त साधून तो थेट घरोघरी पोहोचला. हिंदी चित्रपट आणि नॉलिवूड (म्हणजे नायजेरियन चित्रपटसृष्टी) यांचा संगम म्हणून त्याची जाहिरात झाली होती, ट्रेलर भारतातही पुष्कळ फिरला होता आणि मीही मोठ्या उत्सुकतेने पहिल्याच आठवड्यात तो पाहिला होता. तेव्हा निराशा झाली. अपेक्षा अवाजवी होत्या की काय, अशी शंका आल्याने या वेळी कोणतीही अपेक्षा न ठेवता पुन्हा पाहिला, तरीही मन कोरडेच राहिले.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते. राज हा भारतीय इन्व्हेस्टमेंट बँकर लेगॉस या नायजेरियन शहरात राहतो आणि दीदी ही नायजेरियन वकील आपल्या वडिलांच्या फर्ममध्ये काम करते. समुद्रकिनाऱ्यावर धावताना दोघांची टक्कर होते आणि पाहताक्षणी प्रेम जडते. मुलीच्या वडिलांचा विरोध, भारतातून येणाऱ्या मुलाच्या आईचा विरोध, मधूनमधून गाणी आणि नाच, आणि अखेर सर्वांचे मनोमीलन. याला जोडून अत्याचारग्रस्त स्त्रियांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचे आणि न्यायालयीन प्रकरणाचे उपकथानक आहे. रुस्लान मुमताज आणि इनी दिमा-ओकोजी मुख्य भूमिकांत आहेत. दिग्दर्शिका हमिशा दर्यानी आहुजा या नायजेरियात वाढलेल्या भारतीय वंशाच्या आहेत आणि दिग्दर्शक म्हणून हा त्यांचा पहिलाच चित्रपट आहे.

कथा ओळखीची आहे, ही माझी तक्रार नाही. आपण लहानपणापासून घरच्यांचा विरोध आणि शेवटी आशीर्वाद याच वाटेने जाणारे शेकडो चित्रपट पाहिले आणि त्यांतल्या कित्येकांनी आपल्याला रडवलेही. मग येथेच काय हरवले आहे? नायजेरियन चित्रपटांची किंवा त्या समाजाची माहिती असलेल्या जाणकारांनी कृपया विस्ताराने लिहावे.

पटकथेचा विद्यार्थी

आपला प्रश्न योग्य आहे, कारण बहुतेक परीक्षणांत ‘नायक-नायिकेची केमिस्ट्री जमली नाही’ एवढ्यावर विषय संपवला गेला. केमिस्ट्री ही नटांच्या चेहऱ्यांतून आपोआप झिरपणारी गोष्ट नसते. ती लिहावी लागते. दोन माणसे एकमेकांत नेमके काय पाहतात, हे प्रेक्षकाला कळले पाहिजे. पाहताक्षणी प्रेम जडण्याला माझी हरकत नाही, परंतु जडलेल्या प्रेमाला पुढची दहा-पंधरा मिनिटे काहीतरी खायला द्यावे लागते: एखादे भांडण, एखादी चुकीची समजूत, एकाला ठाऊक नसलेली आणि दुसऱ्याने शिकवलेली एखादी गोष्ट. येथे किनाऱ्यावरच्या टकरीनंतर प्रेम सिद्ध झाले असे गृहीत धरून पटकथा विरोधाकडे धाव घेते. परिणामी विरोध सुरू होतो, तेव्हा आपण कोणाच्या बाजूने उभे राहावे हे ठरलेलेच नसते. राज हा कोण आहे, भारतात त्याने काय मागे सोडले, या शहरात तो एकटेपणाने वेढलेला आहे की रमलेला आहे, यांतले जवळजवळ काहीच आपल्याला त्याच्या वागण्यातून कळत नाही.

दुसरा दोष उपकथानकाचा आहे आणि माझ्या दृष्टीने तो पहिल्यापेक्षा गंभीर आहे. एका स्त्रीवर अत्याचार झाला आहे, तिच्या बाजूने उभे राहिल्यास दीदीला आपल्या वडिलांच्या धंद्याच्या आणि पैशाच्या हिशोबांच्या विरोधात जावे लागणार आहे, आणि वडील ते होऊ देत नाहीत. विचार करा, हा केवढा मोठा पेच आहे! वडील-मुलीच्या नात्यातील ही दरी खरी मानली असती, तर परदेशी मुलावरून झालेले भांडणही त्याच जखमेतून उगवले असते. पण चित्रपटात ही दोन सूत्रे शेजारून वाहतात. त्या पीडित स्त्रीचे दुःख दोन गाण्यांच्या मध्ये आटोपशीरपणे बसवले जाते, आणि ज्या विषयाला गांभीर्य हवे त्याला ते मिळत नाही म्हणून प्रेमकथाही हलकी वाटू लागते.

दीदीच्या वडिलांच्या भूमिकेत रिचर्ड मोफे-दामिजो आणि तिच्या आईच्या भूमिकेत जोके सिल्वा आहेत, हे विशेष खेदाने नमूद करावेसे वाटते. दोघेही नायजेरियन रंगभूमी, दूरचित्रवाणी आणि चित्रपटांतले अत्यंत आदरणीय नट. मोफे-दामिजो यांनी तर नट म्हणून नाव झाल्यानंतर लेगॉस विद्यापीठातून कायद्याची पदवीही घेतली होती. अशा माणसाच्या हातात वकिलाची भूमिका आल्यावर त्याला डोळे वटारण्याखेरीज फारसे काही करायला न देणे, हे लेखनाचे अपयश आहे. आपण आईची शांत, सावरून घेणारी नजर पाहा. जोके सिल्वा जेवढ्या क्षणांत पडद्यावर आहेत, तेवढ्या क्षणांत चित्रपट सावरल्यासारखा वाटतो.

तुलनेसाठी ‘द वेडिंग पार्टी’ पाहावा. केमी अदेतिबा यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट डिसेंबर २०१६ मध्ये नायजेरियात लागला, ४५ कोटी नायरांच्या (नायरा हे नायजेरियाचे चलन) आसपास कमाई करून त्या वेळचा सर्वाधिक यशस्वी नायजेरियन चित्रपट ठरला, आणि श्रीमंत लेगॉसमधल्या झगमगत्या लग्नाची जी लाट नंतर आली तिचे उगमस्थान बऱ्याच अंशी तोच आहे. मोफे-दामिजो त्यातही आहेत, नवऱ्या मुलाचे वडील म्हणून. दोष त्यातही आहेत. मध्यंतरानंतर गोंधळ माजवण्याच्या नादात कथा भरकटते. परंतु योरुबा मुलगी आणि इग्बो मुलगा (हे नायजेरियातले दोन मोठे समाज), एका घरची नव्याने आलेली श्रीमंती आणि दुसऱ्या घरची मुरलेली प्रतिष्ठा, हा ताण त्यात केवळ संवादांतून सांगितलेला नाही. नवऱ्या मुलाची आई ज्या थंडपणाने व्याह्यांकडे पाहते आणि नवरीची आई, म्हणजे सोला सोबोवाले, ज्या भरघोस आनंदाने नाचते, त्या दोन शरीरांतच तो ताण आहे. ‘नमस्ते वहाला’ने त्या यशाचा रंग घेतला, हा ताण मात्र घेतला नाही.

इलुपेजूचा जुना रहिवासी

मी नोकरीच्या निमित्ताने अकरा वर्षे लेगॉसमध्ये होतो, त्यामुळे पटकथेच्या तंत्रापेक्षा वेगळ्या बाजूने लिहितो.

प्रथम नावाविषयी. ‘वहाला’ हा नायजेरियन पिजिनमधला, म्हणजे तिथल्या इंग्रजीमिश्रित बोलीतला, अत्यंत लाडका शब्द आहे; तो हौसा भाषेतून आला असून त्याचा अर्थ त्रास, कटकट, लफडे असा होतो. ‘नो वहाला’ म्हणजे ‘काही हरकत नाही’. दिवसातून पन्नास वेळा तो कानावर पडतो. चित्रपटाचे नाव म्हणून ते नेमके आहे: नमस्कार, आणि त्याबरोबर येणारी कटकट. माझे दुःख असे आहे की खरी कटकट चित्रपटात नाहीच.

लेगॉसमधील भारतीय समाज जुना आहे. सिंधी व्यापारी विसाव्या शतकाच्या आरंभापासून तेथे आहेत. चेलाराम घराण्याची पेढी १९२३ पासूनची. सत्तरच्या दशकात तेलाचा पैसा आला, तेव्हा भारतातून शिक्षक, डॉक्टर आणि अभियंते मोठ्या संख्येने गेले. पुढे कारखाने, औषधे, पोलाद, प्लास्टिक, सुपरमार्केट अशा सर्व क्षेत्रांत भारतीय दिसू लागले. लेगॉसच्या इलुपेजू भागात भारतीय शाळा आहे, देवळे आहेत, दिवाळी धूमधडाक्यात होते. आम्ही वीस-बावीस मराठी कुटुंबे दरवर्षी गणपती बसवत असू आणि कारखान्यातले नायजेरियन सहकारी आरतीला टाळ्या वाजवत उभे राहत, मोदक मागून घेत.

आणि तरीही, हे मला स्पष्टपणे लिहिलेच पाहिजे, आम्ही भिंतीच्या आत राहत होतो. कंपनीचे आवार, कंपनीची गाडी, कंपनीचा जनरेटर, शनिवारी एकमेकांच्या घरी जेवण. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिलेल्या घरांतही नायजेरियन सून किंवा जावई ही विरळाच गोष्ट होती. त्याचे कारण ‘संस्कृती वेगळी’ असे आम्ही सांगत असू. खरे कारण रंग हे होते. आमच्या दिवाणखान्यांत नायजेरियन माणसांविषयी जे सहजपणे बोलले जात असे, ते आज आठवले तरी मान खाली जाते, आणि मी त्या वेळी गप्प बसलो याची खंत आजही आहे.

माझ्या हाताखाली नाशिकचा एक तरुण अभियंता होता. हिशोब विभागातल्या एका योरुबा मुलीशी त्याचे प्रेम जुळले. ते गाण्यांतले प्रेम नव्हते; वाहतुकीच्या कोंडीत, ज्याला तेथे ‘गो-स्लो’ म्हणतात, रोज दोन-दोन तास एकाच गाडीत बसून जुळलेले होते. त्याने घरी सांगितल्यावर नाशिकहून आईचे फोन सुरू झाले. तिने पहिल्यांदा धर्म विचारला नाही की जात विचारली नाही. तिने विचारले, ‘मुलांचे केस कसे होतील?’ दुसरीकडे मुलीच्या घरी त्याच्या रंगाविषयी कोणाला फारसे काही वाटले नाही, परंतु तिच्या थोरल्या मावशीने विचारले की आमच्याकडे कोणी वारले तर हा मुलगा सात-आठ दिवस सगळे सोडून गावी येऊन उभा राहील का, आणि याच्या घरचे कोण येणार. माणूस लग्नात आणि मयताला किती माणसे घेऊन येतो, यावरून तिकडे त्याची किंमत होते. हे दोन प्रश्न मी आयुष्यात विसरणार नाही.

आता या चित्रपटातला विरोध पाहा. मुलाची आई भारतातून येते, तिला मुलगी पसंत नाही, ती नाक मुरडते. मुलीच्या वडिलांना परदेशी जावई नको आहे. पण ‘का नको’ याचे उत्तर प्रत्येक वेळी ‘कारण ती आपल्यातली नाही’ या सपाट वाक्यापाशी थांबते. रंगाचा प्रश्न दिग्दर्शिकेला ठाऊक नसेल असे मी मानत नाही. ज्या समाजात त्या वाढल्या तेथे तो प्रत्येक जेवणाच्या टेबलावर होता. त्यांनी तो टाळला, बहुधा दोन्हीकडच्या प्रेक्षकांना दुखवायचे नाही म्हणून. परंतु ज्या गोष्टीने कोणीच दुखावत नाही, तिच्या निवारणाने कोणाला आनंद तरी कसा होईल? शेवटी दोन्ही घरे एकत्र नाचतात तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी यायला हवे होते, कारण मी ते प्रत्यक्षात घडताना कधीच पाहिले नाही. ते आले नाही.

आणखी एक गोष्ट. योरुबा लग्नात ‘अलागा’ म्हणून दोन स्त्रिया असतात, एक मुलीकडची आणि एक मुलाकडची. त्या गाणी म्हणतात, मुलाच्या मित्रांना कोंडीत पकडतात, पैसे उकळतात, नवऱ्या मुलाला आणि त्याच्या मित्रांना मुलीच्या आईवडिलांसमोर जमिनीवर पूर्ण पालथे पडून साष्टांग नमस्कार घालायला लावतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला आमच्या गावाकडची लग्ने, कान पिळणारे मेहुणे, जोडे लपवणाऱ्या करवल्या, उखाण्यावरून अडवून धरणाऱ्या बायका आठवल्या. हे दोन समाज एकमेकांना न सांगता कितीतरी सारखे आहेत! मुलाची आई हा साष्टांग नमस्कार पाहते आणि प्रथमच तिच्या मनातले काहीतरी सैल होते, असा एक प्रसंग मी मनातल्या मनात कितीदा तरी लिहिला आहे. चित्रपटातून मात्र मला पोशाखांचे रंग आठवतात, प्रसंग आठवत नाही.

कोकणकडा

वरील दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, परंतु थोडा अन्यायही होत आहे असे वाटते. दिग्दर्शिकेचा हा पहिला प्रयत्न होता. निर्मिती, दिग्दर्शन आणि एक भूमिका अशा तिन्ही जबाबदाऱ्या त्यांनीच उचलल्या. महामारीत घरात कोंडलेल्या लोकांना दोन तास समुद्र, गाणी आणि हसरे चेहरे दिसले, हेही थोडके नाही. प्रत्येक प्रेमपटाने वर्णभेदाची शस्त्रक्रिया केलीच पाहिजे का? माझ्या आईने हा चित्रपट आनंदाने पाहिला आणि नंतर लेगॉस नकाशावर कोठे आहे हे मला विचारले. ते तिने एरवी कधीच विचारले नसते.

पटकथेचा विद्यार्थी

आपल्या आईंनी नकाशा मागितला, हे मला मनापासून आवडले आणि त्याचे श्रेय चित्रपटाला दिलेच पाहिजे. परंतु हलकेफुलके असणे आणि पोकळ असणे यांत फरक आहे. हलक्या चित्रपटात अडथळा विनोदी असू शकतो, पण तो अडथळा असावा लागतो. वर सांगितलेला मावशीचा प्रश्न घ्या: ‘मयताला कोण येणार?’ त्यावर अतिशय हसरा चित्रपटही लिहिता येईल. तो मुलगा नाशिकहून चाळीस नातेवाईक आणून उभे करतो, एवढेच कथानक पुरेसे आहे. शस्त्रक्रिया कोणी मागितलेली नाही. नेमका एक प्रश्न मागितला आहे.

संकलनाविषयीही एक मुद्दा राहिला होता. गाणी भावना शिगेला पोहोचल्यावर येत नाहीत, वेळ झाली म्हणून येतात. हिंदी चित्रपटांत पात्राला बोलता येत नाही तेव्हा ते गाते. म्हणूनच उत्तम गाणे काढून टाकले तर कथेत भोक पडते. येथे गाणी काढून टाकली तर चित्रपट फक्त लहान होईल.

सूत्रधार

गाण्यांचा विषय निघालाच आहे, तर उत्तर नायजेरियाविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण या चित्रपटाच्या जाहिरातीतला ‘हिंदी आणि नायजेरियन चित्रपटांची पहिली भेट’ असा जो सूर होता तो मला सर्वाधिक खटकला. ही भेट किमान साठ-सत्तर वर्षांपूर्वीच झालेली आहे. कानो शहरात १९५० च्या दशकापासून लेबनीज वितरक हिंदी चित्रपट आणत होते. प्रेक्षक हौसा भाषक आणि मुस्लिम, बहुतेकांना हिंदीचा एक शब्द येत नसे, तरीही पिढ्यांमागून पिढ्या त्या चित्रपटांवर वाढल्या. ब्रायन लार्किन या मानववंशशास्त्रज्ञांनी यावर महत्त्वाचे संशोधन केले आहे. वडीलधाऱ्यांचा मान, प्रेम आणि घरच्यांनी ठरवलेले लग्न यांमधली ओढाताण, स्त्री-पुरुषांमधला संकोच, हे सारे त्या प्रेक्षकांना पाश्चात्त्य चित्रपटांपेक्षा कितीतरी जवळचे वाटले. हिंदी गाण्यांच्या चालींवर हौसा गीते रचली गेली. इतकेच नव्हे, तर ‘बंदिरी’ म्हणजे डफाच्या ठेक्यावर पैगंबरांची स्तुती गाणाऱ्या मंडळींनीही त्या चाली आपल्याशा केल्या.

त्याच मातीतून १९८० च्या दशकानंतर कानोमध्ये ‘सोयय्या’ नावाने ओळखली जाणारी स्वस्त प्रेमकथांची पुस्तके आली. ती बऱ्याच प्रमाणात स्त्रियांनी लिहिली आणि स्त्रियांनी वाचली. त्यांवरून पुढे हौसा चित्रपटही निघाले. बलरबा रमत याकूबू या लेखिकेची एक कादंबरी इंग्रजी अनुवादात २०१२ साली प्रसिद्ध झाली, आणि ती काढली चेन्नईच्या ब्लाफ्ट या प्रकाशनाने. पळून जाणे, सवत, टाकून दिलेली बायको, पोटासाठी अन्न शिजवून विकणारी आई, हे सारे त्या पुस्तकांत इतक्या थेटपणे येते की वाचताना आपल्याच एखाद्या गल्लीतली हकीकत ऐकल्यासारखे वाटते.

म्हणून माझे म्हणणे असे की हा चित्रपट हिंदी सिनेमासारखा झाला नाही ही खरी अडचण आहे. त्याने हिंदी सिनेमाचे कपडे घेतले: साडी, संथ गतीतली टक्कर, सामूहिक नाच. कानोच्या प्रेक्षकाने मात्र भाषा न कळताही त्यातले काळीज ओळखले होते, म्हणजे आईवडिलांना दुखावून मिळालेले सुख सुख वाटत नाही, ही बोच. लेगॉसच्या इंग्रजी बोलणाऱ्या श्रीमंत वर्गासाठी बनलेल्या या चित्रपटाला आपल्याच देशाच्या उत्तर भागातल्या त्या प्रेक्षकाकडून शिकता आले असते.

सायंवेळ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माझ्या मनातला अस्पष्ट असंतोष आता मला नीट दिसतो आहे. दुसऱ्यांदा पाहताना एका ठिकाणी मी थांबले होते: राजची आई प्रथम दीदीला पाहते तो क्षण. नटीच्या चेहऱ्यावर काहीतरी खरे उमटू पाहत होते आणि तेवढ्यात प्रसंग कापला गेला असे मला वाटले. ‘मुलांचे केस कसे होतील’ हे वाक्य वाचल्यावर तो चेहरा पुन्हा डोळ्यांसमोर आला. ती बाई मनात हेच म्हणत असेल, आणि कोणीतरी तिला ते मोठ्याने म्हणू द्यायला हवे होते. म्हणजे मग पुढे तिला त्याची लाज वाटण्याची संधीही मिळाली असती.

इलुपेजूच्या रहिवाशांना एक विचारू का? त्या नाशिकच्या तरुणाचे पुढे काय झाले?

इलुपेजूचा जुना रहिवासी

लग्न झाले नाही. दीड वर्ष त्याने आईला समजावले, मग आई आजारी पडली, तो सुट्टी काढून गेला आणि तिकडून त्याने राजीनामा पाठवला. त्याचे टेबल मीच आवरले. ती मुलगी त्याच विभागात राहिली आणि माझ्या परतीच्या सुमारास तिच्या हाताखाली नऊ जण होते. दर गणेशचतुर्थीला तिचा मला संदेश येतो, त्यात मोदकांची आठवण असते, माझ्या मुलांची चौकशी असते. त्याच्याविषयी तिने एकदाही विचारलेले नाही.